मुदतवाढ कागदाला मिळते, नौकेला नाही

युरोपीय संघाने २५ मे २०२० रोजी एक नियम संमत केला. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात मुदत संपणाऱ्या, वाहतुकीशी संबंधित अनेक परवान्यांना आणि प्रमाणपत्रांना त्याने सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. त्यात नद्या आणि कालव्यांवर चालणाऱ्या नौकांची प्रमाणपत्रे होती, नौकाचालकांचे दाखलेही होते. कोरोनाच्या टाळेबंदीत तपासनीस धक्क्यावर पोहोचू शकत नव्हता आणि नौका वर काढणारे कामगार घरी बसले होते, त्यामुळे त्या घडीला दुसरा इलाज नव्हता. पण त्याच महिन्यांत बांधून ठेवलेल्या नौकांच्या टाक्यांत पाणी साचत होते, पंपातले रबर ताठरत होते, पोलादी तळ गंजत होते आणि नदीची पात्रे सरकत होती.

आमचा आक्षेप मुदतवाढीला नाही, तिच्यानंतरच्या पायरीला आहे. निर्बंध उठवताना बहुतेक ठिकाणी विचार झाला तो फक्त संसर्गाचा. इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० ला नौकाविहारासाठी बंद झालेले जलमार्ग मे महिन्याच्या मध्यावर दिवसाच्या फेऱ्यांसाठी खुले झाले आणि नौकेवर रात्री मुक्काम करायला ४ जुलैपासून मुभा मिळाली. हे टप्पे ठरले ते माणसे किती जवळ येतील यावरून. नौका चालण्याजोगी आहे का, पाण्याखाली काय बदलले आहे, चालकाचा हात अजून बसलेला आहे का, हे प्रश्न ज्याच्या त्याच्या शहाणपणावर सोडले गेले. सरकारने पाणी स्वतःच्या आदेशाने बंद केले असेल, तर ते पुन्हा उघडताना या प्रश्नांची जबाबदारीही सरकारने घ्यायला हवी. परवानगीची एकच तारीख सगळ्या नद्यांना आणि सगळ्या नौकांना लावण्याची पद्धत बंद व्हावी, आणि प्रत्येक टापूतले पाणी व प्रत्येक प्रवासी नौका तपासून मगच प्रवासी चढावेत, अशी आमची मागणी आहे. महासाथ ओसरली म्हणून हा प्रश्न शिळा होत नाही. पूर, दुष्काळ, पाण्यातले प्रदूषण, पुलांची कामे अशा कारणांनी नदी महिनोन् महिने बंद राहते आणि दर वेळी ती तशीच, एका ओळीच्या आदेशाने उघडली जाते.

आधी पाण्याबद्दल. वापरातली नदी दररोज तपासली जात असते, फक्त त्याला कोणी तपासणी म्हणत नाही. सकाळच्या पहिल्या फेरीत तांडेलाला कळते की कालच्या वळणावर पाणी उथळ झाले आहे. तो ते दुसऱ्याला सांगतो आणि दुपारपर्यंत सगळे दोन हात बाहेरून वळू लागतात. वाहतूक थांबली की ही माहिती तयार होणेच थांबते. एक पूर येऊन गेला की वळणाच्या आतल्या अंगाला वाळूचा दांडा पुढे सरकतो, बाहेरच्या अंगाला काठ तुटून झाडे पात्रात पडतात. पडलेले झाड मुळांच्या बाजूने जड असते, ते तळात रुतते आणि शेंडा प्रवाहाच्या दिशेने, पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासा खाली राहतो. वरून काहीच दिसत नाही. वाट दाखवणारे तरंगते बोये वाहून गेलेले असतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे साखळीसकट घसरून भलत्याच जागी उभे असतात. जागेवर नसलेल्या बोयामुळे चालक निदान सावध होतो. चुकीच्या जागी उभा असलेला बोया त्याला थेट दांड्यावर नेतो.

म्हणून मार्ग उघडण्यापूर्वी खोली मोजलीच पाहिजे. त्यासाठी मोठी यंत्रणा लागते असे नाही. लहान होडीवर ध्वनिलहरींनी खोली मोजणारे साधे यंत्र आणि ठिकाण नोंदवणारा फोन एवढ्यावर काही किलोमीटरचा पट्टा एका दिवसात होतो, फक्त पात्राच्या मधून एक, डाव्या अंगाने एक आणि उजव्या अंगाने एक अशा निदान तीन रेषा धरायला हव्यात आणि पुलांच्या खांबांजवळ आडव्या फेऱ्याही घ्यायला हव्यात. मोजणीच्या दिवशी पाण्याची पातळी किती होती हे नोंदवले नाही तर सगळे आकडे निरुपयोगी ठरतात. पातळी अर्ध्या मीटरने उतरली की सुरक्षित दाखवलेली जागा धोक्याची झालेली असते. नौकेचा तळ पाण्यात जितका बुडतो त्याच्या खाली किती पाणी राखायचे याचे गणितही स्थिर उभ्या नौकेवरून करून भागत नाही. उथळ पाण्यात वेग वाढला की तळाखालून पाणी वेगाने मागे जाते, तिथला दाब घटतो आणि नौका खाली बसते. धक्क्याजवळ चाळीस सेंटीमीटर मोकळे असलेला तळ भर वेगात टेकू शकतो. अशा वेळी चालकाला वाटते की इंजिनाची ताकद कमी पडते आहे आणि तो वेग आणखी वाढवतो. करायचे असते नेमके उलट.

जलपर्णीचा त्रास वेगळा आहे. अनुकूल हवामानात ती दोनएक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, म्हणजे चार महिने बंद राहिलेल्या संथ पट्ट्यात सुरुवातीच्या चार-दोन झुडपांची भरगच्च चादर तयार झालेली असते. पंख्यात गुंडाळलेली मुळे नौका थांबवतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण इंजिन थंड करण्यासाठी नदीचे पाणी आत ओढणाऱ्या नळीची जाळी बारीक मुळांनी हळूहळू बुजते, तापमानाचा काटा वर सरकतो आणि इंजिन बंद पडते ते नेमके प्रवाहाच्या मध्यावर. जलपर्णी काढण्याचे काम नौका सुरू होण्याआधी झाले पाहिजे. नौकांच्या पंख्यांनी ती आपोआप तुटून जाईल हा समज चुकीचा आहे, कारण तुटून सुटे झालेले तुकडे पुढे जाऊन पुन्हा वाढू शकतात.

आणि बंधारे. महासाथीनंतर मोकळ्या हवेत काहीतरी करावे या ओढीने असंख्य नवखे लोक पाण्यावर आले. कयाक म्हणजे वल्हवायच्या अरुंद, लहान होड्या आल्या, हवेने फुगवायच्या आणि उभ्याने वल्हवायच्या फळ्या आल्या. यातल्या अनेकांना नदी आणि तलाव यांतला फरक कोणी सांगितलेला नव्हता. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफोर्डवेस्ट गावात, फुगलेल्या क्लेडाउ नदीत, अशा फळ्यांवरून निघालेला एक गट बंधाऱ्यावरून खाली गेला आणि चार जण मरण पावले.

बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाते, थोडे पुढे जाऊन वर उसळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याच्या भिंतीकडेच वळते. त्यात सापडलेला माणूस वर येतो, मागे ओढला जातो, पडत्या पाण्याखाली दाबला जातो आणि पुन्हा वर येतो. पाण्यात हवा मिसळलेली असल्याने जीवरक्षक जाकीटही नेहमीइतके तरंगवत नाही. भिंत उंच असायला लागत नाही. कमरेएवढ्या बंधाऱ्याखालीही हे चक्र तयार होते. वरच्या बाजूने येणाऱ्याला मात्र दिसते ती फक्त पाण्याची एक सरळ, गुळगुळीत रेघ. त्यात ज्याच्या घोट्याला फळीची दोरी बांधलेली आहे त्याचे हाल आणखी वाईट, कारण फळी एका बाजूला अडकते, माणूस दुसऱ्या बाजूला ओढला जातो आणि वाहत्या पाण्यात वाकून घोट्याची दोरी सोडवता येत नाही. वाहत्या पाण्यात दोरी कमरेच्या पट्ट्याला हवी आणि तो पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा. फळ्या भाड्याने देणाऱ्यांना नदीवर घोट्याच्या दोऱ्या देण्यास सरळ मनाई असावी.

बंधाऱ्याची सूचना देणारा फलक बंधाऱ्यावर लावून उपयोग नाही. हिशेब करून पाहा. पात्र साठ मीटर रुंद, माणूस मध्यावर, म्हणजे काठ तीस मीटरवर. प्रवाह सेकंदाला दीड मीटर. फलक वाचून, गोष्ट ध्यानात येऊन तोंड वळवायला नवख्याला अर्धा मिनिट लागते. तेवढ्यात तो पंचेचाळीस मीटर खाली गेलेला असतो. मग सेकंदाला एक मीटर या गतीने काठाकडे वल्हवायला आणखी तीस सेकंद, म्हणजे आणखी पंचेचाळीस मीटर. नव्वद मीटर अंतर असे नुसते काठ गाठण्यातच गेले. पुराचे पाणी सेकंदाला अडीच मीटरने धावत असेल तर हेच अंतर दीडशे मीटर होते. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. त्यामुळे फलक आणि पात्रावरची अडवणारी दोरी किती वर असावी हे प्रत्येक बंधाऱ्यासाठी, तिथल्या पुराच्या वेगावरून ठरवायला हवे, आणि ठराविक पातळीच्या वर पाणी गेले की भाड्याच्या होड्या आपोआप बंद झाल्या पाहिजेत. ती पातळी काठावरच्या मोजपट्टीवर लाल रंगाने आखलेली असावी. मग कोणाला फोन करून विचारायची गरज राहत नाही आणि गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून मन कच्चे करायलाही वाव उरत नाही.

आता नौका. उभी ठेवलेली नौका सुरक्षित असते हा समज सगळ्यात महाग पडतो. महासाथीच्या काळात नौका ठरवून, तयारी करून उभ्या केलेल्या नव्हत्या. आज फेरी झाली आणि उद्यापासून बंदी आली. टाक्या अर्ध्या, इंजिनात वापरलेले तेल, बॅटऱ्या जोडलेल्या, अशा अवस्थेत त्या राहिल्या.

अर्ध्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्रीच्या गारव्याने टाकीच्या पत्र्यावर जमते आणि थेंबाथेंबाने तळाशी उतरते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि तिथे काळपट, बुळबुळीत साय धरते. जैवइंधन मिसळलेले डिझेल ओलावा अधिक धरते, त्यामुळे त्यात हे लवकर होते. धक्क्याला बांधलेल्या नौकेवर चावी फिरवली की इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते, कारण इंधन ओढणाऱ्या नळीचे तोंड तळाच्या थोडे वर असते आणि तिथले डिझेल स्वच्छ असते. दहा मिनिटे चालवून पाहिले, आवाज चांगला आला, प्रवासी घेतले. पात्राच्या मध्यावर पहिले वळण, शेजारून गेलेल्या नौकेच्या लाटा, टाकीतले इंधन डचमळते, तळातली साय वर येते, फिल्टर भरतो आणि इंजिन गुदमरून बंद पडते. सुकाणू धरायला वेग नाही आणि खाली पुलाचा खांब. धक्क्यावरची चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

यावरची तपासणी अगदी साधी आहे. टाकीच्या तळाच्या तोटीतून, तोटी नसेल तर हातपंपाची नळी तळाला टेकवून, अर्धा लिटर डिझेल काचेच्या बरणीत काढायचे आणि तासभर हलवायचे नाही. खाली पाण्याचा थर दिसला तर तो संपेपर्यंत काढत राहायचे. मधे काळी साय दिसली तर टाकी उघडून हाताने साफ करण्याला पर्याय नाही. जंतुनाशक औषध ओतून काम भागवणारे पुष्कळ असतात. औषधाने जिवाणू मरतात, पण मेलेली साय टाकीतच राहते आणि फिल्टरमध्येच जाते. त्यानंतर दोन्ही फिल्टर बदलायचे, निदान दोन नवे फिल्टर आणि ते बसवायचे पाने नौकेवर ठेवायचे, आणि फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढायला चालकाला येते का, हे त्याच्याकडून करवून पाहायचे. मग जाड दोरांनी नौका धक्क्याला बांधून, गिअर टाकून, अर्ध्या जोरावर अर्धा तास इंजिन चालवायचे. शेवटी प्रवाशांविना फेरी, आणि त्या फेरीत मुद्दाम आखूड वळणे घ्यायची, म्हणजे टाकीत जे काही आहे ते त्याच वेळी वर येईल.

पेट्रोलच्या लहान इंजिनांत वेगळी गत होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषते, प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळे बसतात, आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट थर ठेवते. जुने पेट्रोल काढून टाकायचे. नव्यात मिसळून संपवायचे नाही.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी चक्राकार तुकडा दरवेळी बदलावाच. त्याच्या पाकळ्या महिनोन् महिने एकाच बाजूला दुमडून राहिल्या की तशाच ताठरतात आणि इंजिन चालू करताच तुटतात. तुटलेल्या पाकळ्या मोजून सगळ्या बाहेर काढाव्या लागतात, कारण राहिलेला तुकडा पुढच्या नळीत जाऊन अडकतो आणि महिन्याभराने इंजिन तापवतो. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर भार नसताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते, आणि तशीच पडून राहिलेली असेल तर पुन्हा भरूनही पूर्वीची ताकद देत नाही. तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा तरंगता स्विच हाताने उचलून पाहणे पुरेसे नाही. तळात बादलीभर पाणी ओतावे, पंप स्वतःहून सुरू व्हावा, पाणी बाहेर पडताना दिसावे आणि पंप स्वतःहून बंद व्हावा. महिनोन् महिने कोरड्या काठावर उलटी ठेवलेली लाकडी होडी पाण्यात टाकल्यावर पाझरणारच. फळ्या फुगून सांधे मिटायला एक-दोन दिवस लागतात, तोवर ती पहाऱ्यात ठेवायची आणि त्या काळात कोणाला बसवायचे नाही.

जाकिटांकडे पाहायला तर कोणालाच सवड नसते, कारण ती फडताळात रचलेली असतात आणि मोजणीला पुरेशी भरतात. आपोआप फुगणाऱ्या जाकिटातला वायूचा लहान नळकांडा फिरवून बाहेर काढावा, त्यावर कोरलेले वजन वाचावे आणि काट्यावर तोलावा. वजन दोन ग्रॅमहून जास्त घटलेले असेल तर तो गळतो आहे. जाकीट तोंडाने फुगवून एक दिवस तसेच ठेवावे. सकाळी ढिले असेल तर फेकून द्यावे. फोमची जाकिटे बंद खोलीत उंदीर कुरतडतात, उन्हात राहिली तर शिवण कुजते. पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहिला की कुजलेली शिवण तिथेच उसवते. मुलांच्या मापाची जाकिटे वेगळी मोजावीत. मोठ्या माणसाच्या जाकिटातून लहान मूल खाली घसरते.

मग येतो तोल, आणि इथे संसर्ग टाळण्याच्या उपायांनीच नवा धोका तयार केला. प्रवाशांमध्ये अंतर राहावे म्हणून अनेक ठिकाणी बसण्याची मांडणी बदलली गेली. मोकळी हवा मिळावी म्हणून माणसे वरच्या डेकवर नेली की नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तिची परत सरळ होण्याची ताकद घटते. बाजूंना लावलेले प्लास्टिकचे पडदे आडवा वारा शिडासारखा अडवतात, हवा कोंडल्याने संसर्गाचे संकट वाढवतात आणि नौका कललीच तर बाहेर पडण्याची वाट बंद करतात. आज हे पडदे पावसापासून आडोसा म्हणून कित्येक नौकांवर कायम राहिलेले असतील, तर ते आधी काढावेत. छप्पर असलेली नौका उलटते तेव्हा जाकीट घातलेला माणूस छपराच्या आत वर दाबला जातो. त्याला खाली जाऊन बाहेर पडायचे असते आणि जाकीट ते करू देत नाही. बाजू उघड्या असणे म्हणूनच गरजेचे आहे.

क्षमता आसनांवरून ठरवण्याची सवय मोडायला हवी. चाळीस प्रवासी, प्रत्येकी पंचाहत्तर किलो धरले तर तीन टन. त्यातले वीस जण काठावरचे काही पाहायला मध्यापासून दीड मीटर एका बाजूला सरकले की नौका कलवणारा जोर, म्हणजे दीड हजार किलो गुणिले दीड मीटर, सव्वादोन हजार इतका होतो. त्यात तळात पाणी असेल तर गोष्ट हाताबाहेर जाते. दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद तळात फक्त पाच सेंटीमीटर पाणी असेल तर ते दीड टन भरते, आणि नौका ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावते. माणसे ओरडल्यावर जागेवर तरी बसतात, पाणी कुणाचे ऐकत नाही. म्हणून प्रत्येक प्रवासी नौकेची धक्क्यावर वाळूच्या पोत्यांनी चाचणी व्हावी. पूर्ण भार चढवायचा, मग निम्मा भार एका बाजूला न्यायचा आणि पाणी आत शिरू शकेल अशा पहिल्या उघड्या जागेपर्यंत किती अंतर उरले ते मोजायचे. खिडकी असो, दार असो किंवा हवेचे भोक असो, सगळ्यात खालची उघडी जागा धरायची.

१० जुलै २०११ रोजी रशियात व्होल्गा नदीवर बुल्गारिया ही प्रवासी नौका काही मिनिटांत बुडाली आणि १२२ जण गेले. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे चढलेली होती, दोनपैकी एक इंजिन बंद होते, निघतानाच नौका उजवीकडे कललेली होती आणि गवाक्षे उघडी होती. यातले प्रत्येक कारण धक्क्यावर उभे राहून डोळ्यांना दिसणारे होते. केरळात तानूरजवळ, पूरपुझा नदीच्या मुखाशी, ७ मे २०२३ रोजी उलटलेल्या नौकेत २२ जण दगावले. ती नौका मासेमारीच्या होडीतून बदलून केलेली होती आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. भारतात तोवर १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलेला होता. चांगला कायदा असूनही धक्क्यावर मोजणारा माणूस नसेल तर काय होते ते तानूरने दाखवले.

मोजण्यावरून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. महासाथीत संपर्क शोधण्यासाठी अनेक ठिकाणी प्रत्येक फेरीच्या प्रवाशांची नावे आणि फोन लिहून घेतले जात. नौका उलटल्यावर बचाव पथकाला पहिला प्रश्न पडतो तो किती जण होते हाच. आकडा माहीत नसेल तर शोध कधी थांबवायचा हे कोणालाच सांगता येत नाही, आणि काठावर आलेल्या नातेवाइकांना उत्तर देता येत नाही. संसर्गासाठी सुरू झालेली ती यादी कायम ठेवावी. तिची एक प्रत नौका सुटण्यापूर्वी धक्क्यावर राहिली पाहिजे, नौकेवर ठेवलेली यादी नौकेबरोबरच जाते.

संसर्गाचे म्हणाल तर उघड्या नौकेवर, वाहत्या हवेत, त्याचा धोका बंद खोलीच्या मानाने फारच कमी. बंद केबिनमध्ये तो खरा, तिथे खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि प्रवासी थोडे घ्यावेत. केबिनमधली पाण्याची टाकी मात्र विसरू नये. २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात साचलेल्या पाण्यात लेजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. टाकी आणि सगळ्या नळ्या रिकाम्या करून, लिटरला पन्नास मिलिग्रॅम क्लोरीनचे पाणी तासभर भरून ठेवून, मग स्वच्छ पाण्याने धुवायच्या.

चालक आणि खलाशी यांचा हात बंदीच्या काळात जातो, हे मान्य करायला ते स्वतः तयार नसतात. पण प्रवाहात नौका वळवून धक्क्याला लावणे, पाण्यात पडलेल्या माणसाकडे खालच्या बाजूने जाणे, पंखा थांबवून मगच त्याला ओढणे, ही कामे हाताने लक्षात राहतात आणि हात ती विसरतो. शिवाय बंदीत पुष्कळ जुनी माणसे दुसऱ्या कामाला लागली, त्यांच्या जागी नवी आली. रिकाम्या नौकेवर, पाण्यात बाहुला टाकून, प्रत्येक चालकाकडून तो उचलून घेतल्याशिवाय प्रवासी देऊ नयेत. थंड नद्यांवर हे आणखी निकडीचे. १५ अंशांखालच्या पाण्यात पडलेल्याचा पहिल्या मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, आणि साधारण दहा मिनिटांनी बोटे दोरी धरू शकत नाहीत. बचावाला एवढाच वेळ आहे. लंडनमध्ये थेम्स नदीवर २० ऑगस्ट १९८९ रोजी मार्शनेस नौका बुडून ५१ जण गेले, आणि नदीवर कायमची बचावकेंद्रे उभी राहिली ती २००२ मध्ये. बचावाची होडी, तिचा चालक आणि इंधन आधी, मग पहिले तिकीट, हा क्रम कोणत्याही नदीवर लागू व्हावा.

याला विरोध होतो तो पोटाच्या प्रश्नावरून, आणि तो विरोध खरा आहे. एकाच हंगामावर वर्ष काढणाऱ्या नौकाचालकाने बंदीमुळे आधीच एक हंगाम गमावलेला असतो. त्याला वर आणखी तीन आठवडे तपासणीत घालवायला सांगितले तर तो तपासणी चुकवेल, आणि त्याला दोष देणे अवघड जाईल. म्हणूनच हा खर्च त्याच्यावर टाकता कामा नये. खोलीची मोजणी, बोये, जलपर्णी, बंधाऱ्यांचे फलक ही कामे जलमार्ग सांभाळणाऱ्या संस्थेची आहेत आणि ती बंदी चालू असतानाच करता येतात. चार माणसांची होडी मोकळ्या नदीवर फिरवायला संसर्गाची अडचण नव्हती. नौकांच्या तपासणीचे शुल्क त्या हंगामापुरते माफ व्हावे. तपासनीसांनी कार्यालयात अर्ज मागवण्याऐवजी धक्क्याधक्क्यावर जाऊन एकाच दिवशी सगळ्या नौका पाहाव्यात. आणि जी नौका आधी तयार ती आधी सुटावी. एका तारखेची वाट पाहायला लावली की काळजीपूर्वक तयारी करणारा आणि न करणारा एकाच दिवशी पाण्यात उतरतो, पहिल्याच्या मेहनतीला काही मोल उरत नाही.

टप्पे ठरवायचेच तर ते असे ठरावेत. पहिल्या आठवड्यात फक्त कामाच्या नौका आणि रिकाम्या चाचणी फेऱ्या, म्हणजे मार्गाची ताजी माहिती पुन्हा गोळा होऊ लागेल. मग उघड्या प्रवासी नौका, निम्म्या भारावर आणि दिवसाउजेडी. भाड्याच्या होड्या आणि फळ्या, ज्यांत अनुभवी माणूस बरोबर नसतो, त्या त्यानंतर आणि आधी संथ पट्ट्यांत. पक्षी काठावर अंडी घालत असतील तेवढे पट्टे हंगाम संपेपर्यंत वगळावेत. शांत झालेल्या काठावर त्यांनी घरटी खाली, पाण्याजवळ बांधलेली असतात आणि नौकेची एक उंच लाट त्यांना पुरते. अंधारातल्या फेऱ्या सगळ्यात शेवटी.

प्रत्येक नौकेच्या तपासणीचा एक पानी तक्ता धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीशेजारी, प्रवाशाला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लावलेला असावा. त्यावर तळ कधी पाहिला, इंधन कधी तपासले, वाळूच्या पोत्यांच्या चाचणीत किती माणसे मंजूर झाली, किती जाकिटे मोठ्यांची आणि किती लहानांची, चालकाने बाहुला कोणत्या दिवशी उचलला, एवढे असावे. खाली तपासनीसाची सही आणि तारीख हवी. मंजूर आकड्यापेक्षा एक माणूस जास्त चढला तर रांगेतल्या कोणत्याही प्रवाशाला त्या तक्त्याकडे बोट दाखवून नौका थांबवता आली पाहिजे.